वहिवाटीचा खोकला

रोगांमध्येही मानपान असतो. हृदयविकार झालेल्या गृहस्थाला पाहताच लोक उठून जागा देतात. मधुमेह घरात शिरला की त्याच्यासाठी निराळा चहा होऊ लागतो. रक्तदाबाच्या नुसत्या नावाने सबंध कुटुंब आपला आवाज खाली आणते. आणि पित्तासारखा सामान्य दर्जाचा विकारसुद्धा लग्नाच्या पंगतीत ‘त्यांना तिखट चालत नाही हो’ एवढी सनद पदरात पाडून घेतो. खोकल्याला मात्र मान नाही, रजा नाही, आणि सहानुभूती असलीच तर ती पहिल्या आठवड्यापुरती. त्या आठवड्यात आल्याचा काढा न मागता समोर येतो. दुसऱ्या आठवड्यात तो मागावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात मागितला असता ‘आलं संपलंय’ असे उत्तर येते. आणि महिना उलटला म्हणजे घरातली माणसे खोकल्याला रोग न समजता तुमचा स्वभाव समजू लागतात.

वैद्यकशास्त्राने या प्रकरणी मुदती ठरवून दिल्या आहेत. प्रौढ माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आत आटोपला तर तो तात्पुरता, तीन ते आठ आठवडे रेंगाळला तर मधल्या प्रतीचा, आणि आठ आठवड्यांची सीमा ओलांडूनही चालूच राहिला तर जुनाट. आपल्या देशात परक्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंडपणे आणि मालकाच्या हक्काला न जुमानता वहिवाट करणाऱ्या इसमाला तीवर दावा सांगण्यासाठी बारा वर्षे वाट पाहावी लागते. खोकला या तिन्ही अटी अक्षरशः पाळतो, कारण त्याच्याइतका उघड, त्याच्याइतका अखंड आणि मालकाला त्याच्याइतका न जुमानणारा कब्जेदार शोधून सापडणार नाही. आणि तरीही त्याचा हक्क अवघ्या आठ आठवड्यांत शाबीत होतो. एकदा तो झाला म्हणजे घशाचा मूळ मालक स्वतःच्याच घशात पाहुण्यासारखा वावरू लागतो, आणि बोलायचे झाले तर आधी खोकल्याची परवानगी घेतो.

या मुदतीचा अर्थ, आठ आठवडे हातावर हात ठेवून बसावे, असा मात्र कोणी करून घेऊ नये. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकलेल्या खोकल्याची तपासणी क्षयाची शंका मनात धरून करून घ्यावी, असा आपल्याकडील क्षयनिर्मूलनाच्या सरकारी कार्यक्रमाचा दंडक आहे, आणि विनोदी लेखातही तो विनोदाचा विषय नव्हे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू जगापुढे मांडला; परंतु त्या जंतूवर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले, म्हणजे मधली साठ वर्षे गुन्हेगाराचे नाव-गाव सर्वांना ठाऊक होते, पण त्याला पकडण्याचे वॉरंट कोणापाशी नव्हते. त्या काळी वधूपरीक्षेच्या प्रसंगी मुलीला गाणे म्हणावयास सांगत, त्यात संगीताची आवड किती आणि फुप्फुसांची चाचणी किती, याचा निवाडा आता कोणी करावा? ते काहीही असो. थुंकी स्वच्छ निघाली आणि छातीचे चित्र निर्दोष आले, म्हणजे रोग्याने सुटकेचा निःश्वास टाकावा हे योग्यच. पण तो निःश्वास टाकता टाकताच त्याला उबळ येते, आणि भिण्याचे कारण संपले तरी खोकला शिल्लकच आहे, हे त्याच्या ध्यानात येते.

खोकला ही क्रिया बाहेरून जितकी गावंढळ दिसते तितकीच आतून ती शिस्तबद्ध असते. प्रथम खोल श्वास आत घेतला जातो. मग स्वरयंत्राची झडप घट्ट मिटते आणि सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढ्या अवधीत छातीचे व पोटाचे स्नायू आतल्या हवेला चोहोकडून दाबून धरतात. आणि मग झडप एकाएकी उघडून ती कोंडलेली हवा, वाटेतला कफ, धूळ, सुपारीचे खांड, जे काही असेल ते घेऊन बाहेर पडते. जोराच्या खोकल्यात छातीच्या पोकळीतला दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत चढू शकतो. दंडावरचा रक्तदाब १५० दाखवू लागला की घरातल्या लोणच्याच्या बरणीला कुलूप पडते. परंतु छातीतला ३०० चा आकडा दिवसातून शंभरदा गाठणाऱ्या माणसाला ‘जरा पाणी प्या’ यापलीकडे कोणी काही म्हणत नाही.

या दाबाचे परिणाम अर्थातच होतात. खोकून खोकून बरगडीला तडा जातो, आणि तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, हे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. पण ग्रंथांत नमूद असलेली गोष्ट क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञाला पटवणे निराळे.

‘कुठे पडलात?’

‘कुठेच नाही. खोकलो.’

‘तसं नव्हे, मार कशाचा लागला?’

या संवादाच्या अखेरीस तो तंत्रज्ञ तुमच्या पत्नीकडे ज्या दृष्टीने पाहतो, तिचे स्पष्टीकरण देणे बरगडीहून दुःखद असते. डोळ्यातली सूक्ष्म केशवाहिनी फुटून बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते. ते दुखत नाही, दृष्टीला अपाय करत नाही आणि काही दिवसांत आपोआप विरून जाते, पण तेवढ्या दिवसांत कचेरीतल्या सर्वांना तुमच्या रात्रींविषयी एक नवा सिद्धान्त सुचलेला असतो. पोटाच्या भिंतीत कोठे कच्ची जागा असेल तर तेथून अंतर्गळ डोके वर काढतो. घसा बसतो, डोके ठणकते, जेवल्यावर उबळ आली तर जेवण परत येते, आणि पाठ टेकताच ढास लागत असल्यामुळे मनुष्य उशांचा ढीग रचून त्यावर बसल्या बसल्या पहाटेची वाट पाहतो.

काही जण तर खोकता खोकता चक्क बेशुद्ध पडतात. पॅरिसचे सुप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८७६ मध्ये या प्रकाराचे वर्णन करून ठेवले आणि तो स्वरयंत्राच्या भोवळीचा प्रकार मानला. पुढे ध्यानात आले ते असे की, छातीतला दाब इतका वाढतो की हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच अडते, मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि मनुष्य आडवा होतो. शुद्ध लवकर येते, पण तेवढ्या वेळात तो मोटारीच्या चाकामागे बसलेला असेल तर त्याच्या खोकल्याची झळ वाटसरूंनाही पोहोचते. म्हणून अशा माणसाने वाहन चालवू नये, असे डॉक्टर बजावतात. गंमत अशी की ही भोवळ धडधाकट, जाडजूड, मध्यमवयीन पुरुषांना विशेष येते. ज्या गृहस्थाने आयुष्यभर कोणापुढे मान तुकवली नाही, त्याला त्याचाच घसा असा लोळवतो.

आणखी एक उपद्रव आहे, ज्याच्याविषयी घराघरांतून कडेकोट मौन पाळले जाते. खोकल्याच्या झटक्यासरशी लघवीवरचा ताबा सुटणे ही तक्रार जुनाट खोकला असलेल्या स्त्रियांमध्ये फार आढळते. परंतु काकू हल्ली हळदीकुंकवाला का येत नाहीत, भजनी मंडळात मागच्या रांगेत दाराजवळच का बसतात, मुंबईला लेकीकडे जायचे म्हटले की त्यांचे गुडघे अचानक का दुखू लागतात, याची चौकशी कोणी करत नाही. नवऱ्याच्या शिंकेवर घरात परिषद भरते; हिच्या खोकल्याचा हा खर्च मात्र कोठल्याच वहीत मांडला जात नाही. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, आणि मुळात खोकल्याचाच बंदोबस्त करता येतो. तेव्हा डॉक्टरांपुढे हा विषय निःसंकोच काढावा, एवढे येथे गांभीर्याने लिहून मी पुन्हा माझ्या थट्टेकडे वळतो.

खोकल्याचा रोगी एकटा असला तरी त्याचे वैद्य अगणित असतात. इतर रोगांत सल्ला देण्यास थोडेफार ज्ञान लागते. खोकल्याला फक्त कान लागतात. आगगाडीच्या डब्यात समोर बसलेला अनोळखी प्रवासी, जो तुमचे नाव विचारण्याचेही कष्ट घेत नाही, तो ‘कोरडा की ओला?’ असे विचारून थेट तुमच्या अंतरंगात शिरतो. मग ज्येष्ठमध येते, खडीसाखर येते, भाजलेली लवंग येते, बेहड्याची साल येते, मधातून सितोपलादी चूर्ण येते, रात्रीचे हळद घातलेले दूध येते आणि अडुळशाचा रस तर येतोच येतो. यातले सर्वच टाकाऊ आहे असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. चरकसंहितेने कासाचे वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे पाच प्रकार सांगून प्रत्येकाची निराळी चिकित्सा मांडली, यावरून सर्व खोकले एका माळेचे मणी नव्हेत हे शहाणपण आपल्याकडे फार जुने आहे. आणि अडुळशाच्या पानांतल्या वासिसिन या द्रव्यापासूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले, म्हणजे औषधाच्या दुकानातली ती बाटली आजीच्या परसातल्या झुडपाशी नाते सांगते. उलट आधुनिकांनीही या बाबतीत फार ऐट करू नये. कारण १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने खोकल्यावरील उत्तम उपाय म्हणून जे औषध बाजारात आणले, त्याचे नाव हेरॉइन असे होते. शेजारच्या आप्पांचा कांद्याचा रस निदान एवढ्या थराला गेला नाही.

जुनाट खोकल्याची अधिकृत चौकशी सुरू होते तेव्हा त्या प्रकरणाची फिराफीर कोणत्याही कचेरीतल्या फायलीला लाजवील अशी असते. छातीचे डॉक्टर छाती ठोकून सांगतात की छातीत काही नाही. नाकाच्या मागून घशात स्राव उतरत असावा, सबब प्रकरण नाकाकडे. नाकाचे डॉक्टर नाकात प्रकाश टाकून म्हणतात की नाक निर्दोष आहे. जठरातले आम्ल वर येऊन घशाला डिवचत असावे, सबब प्रकरण पोटाकडे. पोटाचे डॉक्टर रात्रीचे जेवण लवकर आणि कमी करण्याचे फर्मावतात, आणि त्यानेही भागले नाही तर, दम्याची एक जात अशीही असते की जिच्यात धाप नाही, छातीत शिट्टी नाही, केवळ खोकला असतो, तेव्हा पुन्हा एकवार छातीकडे जावे, असा शेरा मारतात. यातला एकही गृहस्थ चुकीचे बोलत नसतो, कारण नाक, दमा आणि आम्ल हीच तिन्ही जुनाट खोकल्याची नेहमीची कारणे आहेत आणि पुष्कळदा ती संगनमतानेही काम करतात. क्वचित आरोपी कानातही सापडतो. खोकल्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा कानाच्या नळीपर्यंत गेलेली आहे. फ्रीड्रिख आर्नोल्ड या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. आणि तिच्यामुळेच काही माणसांना कान कोरताना ठसका लागतो. कानातला मळ काढला आणि खोकला गेला, असेही घडलेले आहे.

माझ्या प्रकरणाचा उलगडा याहून अद्भुत निघाला. एका वृद्ध डॉक्टरांनी माझे सारे अहवाल बाजूला सारून ‘रक्तदाबासाठी काय घेता?’ एवढेच विचारले, आणि ‘प्रिल’ या अक्षरांनी संपणारे गोळीचे नाव ऐकताच ते प्रसन्नपणे हसले. एनालाप्रिल, रॅमिप्रिल इत्यादी औषधांचा हा वंश रक्तदाबावर आणि हृदयावर फार गुणकारी. परंतु ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याची जी विल्हेवाट शरीर एरवी लावत असते तिला ही औषधे आडकाठी करतात, आणि ते द्रव्य साचून काही जणांना कोरडा, हट्टी खोकला लागतो. ही माहिती देऊन डॉक्टर पुढे म्हणाले, ‘या औषधांचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल. त्याचा नमुना सापडला ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात.’ मी दाराकडे पाहिले, कारण आमच्या मंडळींनी हे ऐकले असते तर ‘तरीच!’ असे उद्गार निघण्याचा संभव होता. गोळी परस्पर बंद न करता तिच्या जागी दुसऱ्या जातीची द्यावी लागते, ती त्यांनी दिली, आणि उतार पडायला काही आठवडे लागतील असेही बजावले.

तथापि एवढ्याने प्रकरण निकालात निघाले असे नाही. कारण खोकल्याचा सर्वांत मोठा उपद्रव डॉक्टरांच्या एकाही ग्रंथात नोंदलेला नाही. आपल्या समाजात खोकला हा मुळात रोग नसून एक व्यवहार आहे. जुन्या वाड्यात घरातले वडीलधारे माजघराच्या उंबऱ्याशी नुसते खाकरले की आतल्या सुना पदर सावरून बाजूला होत. कडी नसलेल्या न्हाणीघरातून आतल्या इसमाने खोकून ताबा जाहीर करावा आणि बाहेरच्याने खोकून तगादा लावावा, हा बिनतक्रार चालत आलेला रिवाज होता. कचेरीत साहेब जिना चढू लागले की दारातला शिपाई खोके आणि मेजांवरची वर्तमानपत्रे तत्काळ अदृश्य होत. आणि सभेत वक्ता फार लांबला की पहिल्या रांगेतला एखादा अनुभवी वृद्ध असा काही खाकरे की वक्त्याला एकदम ‘शेवटी एवढेच सांगतो’ हे वाक्य सुचे. निषेध, इशारा, अनुमती, कंटाळा, आगमन, एवढे सारे अर्थ एकही शब्द खर्ची न घालता या एका ध्वनीत मावत. जुनाट खोकल्याचा रोगी नेमका या संपत्तीला मुकतो. त्याचे नाणे बाजारात इतके झालेले असते की ते कोणी हातात घेऊन पाहतही नाही.

याचा प्रत्यय मला सर्वत्र आला. पुण्यात १९५३ पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात, डिसेंबरच्या थंडीत, विलंबित ख्याल चालू असता घशात उठणारी ढास दाबून बसणे ही कोणत्याही हठयोग्याला साजेशी तपश्चर्या आहे. खोकण्याची एकमेव संधी म्हणजे टाळ्यांचा कडकडाट, आणि तो समेवर होत असल्यामुळे सम केव्हा येणार यावर त्या मांडवात सर्वांत उत्कट लक्ष खोकल्याच्या रोग्याचे असते. शेजारचे रसिक मला जाणकार समजले. मार्च २०२० मध्ये तर दूरध्वनी लावला की घंटीच्या आधी एक खोकला आणि मग साथीची सूचना ऐकू येऊ लागली. माझ्या एका वृद्ध आप्तांनी त्या सरकारी खोकल्यालाच ‘काय रे, बरा आहेस ना?’ असे विचारून बराच वेळ गप्पा मारल्या. खोकणाऱ्याभोवती तेव्हा दुकानासमोरच्या रांगेतसुद्धा आपोआप मोकळी जागा तयार होई. खोकला ऐकून माणसे बाजूला होत, ही वडिलोपार्जित सत्ता मला परत मिळाली खरी, पण त्या वेळी माझ्या मनात सत्ता नसून फक्त बटाटे होते.

अखेर, ज्या गोष्टी इतर सभ्य माणसे खोकून सांगतात त्या मला तोंडाने सांगाव्या लागू लागल्या. न्हाणीघरासमोर उभा राहून मी ‘किती वेळ लागेल?’ असे विचारू लागलो. पाहुणे उठत नाहीत असे पाहून पूर्वी खाकरलो असतो. आता ‘तुमची शेवटची बस कितीला आहे?’ असे विचारतो. सत्काराच्या एका समारंभात अध्यक्ष सत्कारमूर्तीच्या बालपणातच तासभर रमले, तेव्हा माझ्या खोकल्याकडे पाहून संयोजकांनी मला पाण्याचा पेला आणून दिला. म्हणून मी उभा राहून म्हणालो, ‘अध्यक्ष महाराज, ह्यांची मुंज आज रात्रीत लागेल असे वाटत नाही.’ त्या दिवसापासून माझ्याकडे समारंभांची निमंत्रणे येण्याचे थांबले आहे. बरगडीचा तडा सांधतो, डोळ्यातले रक्त विरते, अंतर्गळ शिवता येतो. पण खोकल्यातून उद्भवलेला स्पष्टवक्तेपणा हा उपद्रव गोळी बदलून जात नाही. माझा खोकला थांबला, आणि हा मात्र कायम राहिला.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांपुढे ही कैफियत साद्यंत मांडली. हा विकार वैद्यकाच्या ग्रंथांत का नाही, असल्यास कोणत्या प्रकरणात, नसल्यास तो कोणी घालावा, असे मुद्दे क्रमवार घेत मी तिसऱ्या मुद्द्यावर आलो असता डॉक्टरांनी चष्मा काढून मेजावर ठेवला आणि दाराकडे तोंड करून ते, घशात काहीही नसताना, एकदाच, हलकेच खोकले. कंपाउंडरने तत्काळ पुढच्या रोग्याला हाक मारली.